नुसतं पाणी

सासूबाईंना मी कधी घाबरले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. बोदवडला माझा मुलगा झाला, त्यानंतरचे काही महिने मी त्यांना घाबरत होते, आणि त्यांच्याहून जास्त आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला.

आमचे हे रेल्वेत तारबाबू होते. आधी जळगावला होतो, मग बदली होऊन बोदवडला आलो. क्वार्टर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या, वर पत्रा, मागे एक कडुनिंब आणि त्यापलीकडे मालधक्का. कापसाच्या गाठी तिथे उन्हात पडलेल्या असत आणि त्यांचा वास भाकरीलासुद्धा यायचा. स्वयंपाकघराला बाहेरचं दार नव्हतं, फक्त पुढच्या खोलीत उघडणारी एक चौकट होती. तिला कवाड नव्हतं. मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मला त्या चौकटीला कवाड बसवून घ्यावंसं वाटायला लागलं होतं.

गावात आमच्या जातीचं एकच घर, आमचंच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, मूळचे कोकणातले. तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचे आजे-पणजे तेलाचे घाणे चालवत आणि शनवारी बैल सोडून बसत. खानदेशात तेल्यांना काही तोटा नव्हता, पण शनवारचं काय ते कुणाच्या डोक्यात शिरेना. शेजारच्या मळ्यातली पाटलीणबाई केळी द्यायला यायची, ती दर खेपेला विचारायची, "तुम्ही मुसलमान का किरिस्ताव वं?" दोन्ही नाही म्हटलं की तिला वाटायचं, मी काहीतरी लपवते आहे. स्वभावानं मी फटकळ, लपवालपवी मला कधी जमली नाही. आमच्या घरात ते खातं सासूबाईंकडे होतं.

मुलगा झाला तेव्हा सगळं रीतीनं झालं. आठव्या दिवशी सुंता करायला मुंबईहून माणूस आला. आमच्या यहुदी नबीच्या नावानं पोहे, नारळ, गूळ घालून मलिदा केला. एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे पोराची सोडवणूक.

आमच्या शास्त्रात बाईच्या पोटी पहिल्यानं आलेला मुलगा देवाचा असतो. मिसर देशात देवानं तिथल्यांची थोरली पोरं नेली आणि आमची ठेवली, तेव्हापासून तो त्याचा हक्क. महिना उलटला की बापानं कोहेनाच्या हातावर चांदी ठेवायची आणि आपलं पोर सोडवून घ्यायचं. कोहेन म्हणजे येरुशलेमच्या जुन्या मंदिरात याजकी करणाऱ्या घराण्यातला पुरुष. ते घराणं बापाकडून मुलाकडे चालतं. कितीही शिकला तरी माणूस कोहेन होत नाही, तो जन्मावाच लागतो.

आणि आमच्यात कोहेन नाहीतच. आमचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मूठभर बायका-पुरुष पोहत काठाला लागले, बाकीचे तिथेच पुरले. वाचलेल्यांना एक प्रार्थना आठवत होती, शनवार आठवत होता. आपल्यात कोहेन कोण, त्या मंदिरात सेवेकरी असलेले लेवी कोण, हे ज्यांना ठाऊक होतं ते बुडाले असतील. त्यामुळे आमच्या कित्येक घरांतली थोरली पोरं न सोडवताच मोठी झाली, आजोबा झाली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण सासूबाईंनी हट्ट धरला.

"सोडवला नाही तोवर हा आपला नाही गो," त्या म्हणायच्या. "उसना आणलेला आहे. मागायला येतील."

"कोण येतील?" मी विचारायची.

त्या पोराला कुशीत घेऊन चौकटीकडे पाठ करून बसायच्या.

आता जळगावचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बदलीच्या आधीच्या हिवाळ्यात मला दिवस गेले होते. माझ्या हिशेबानं पाचवा महिना लागला होता. एका सकाळी पोटात कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. घरात मी आणि सासूबाईच. मी ग्लानीत होते. त्यांनी काहीतरी कापडात गुंडाळलं, बाहेर गेल्या, आणि ऊन उतरल्यावर परत आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याचा काठ ओला होता. मी विचारलं, काय होतं? त्या म्हणाल्या, "काही नव्हतं. नुसतं पाणी. हिशेब चुकला तुझा, पोट वायूनं फुगलं होतं. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी ह्यांना सांगितलं. शेकडो मैलांवरून आलेली तार कानानं टिपणारा माणूस, पण घरात बायको काय बोलते ते त्याच्या कानापर्यंत पोचायचं नाही. म्हणाले, "आई म्हणते तर तसंच असेल." झालं. त्या दिवसापासून मी कधी पोटुशी नव्हतेच. बोदवडला बाळंतपण झालं तेव्हा कुणी विचारलं की सासूबाई ठसक्यात सांगायच्या, "पहिलटकरीण आहे." माझंच पोट, आणि त्याची साक्ष मात्र दुसऱ्याची. तो राग मी कितीतरी दिवस दातांखाली धरून ठेवला होता. कापडात काय होतं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

बोदवडला जे घडत होतं ते सगळं दिवसाउजेडी. खानदेशचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला दुपारची भीती काय ते कळेल. माणूस नाही, कुत्रं नाही, पत्रा तडतडतो आणि धक्क्यावरच्या गाठी पांढऱ्याफटक पडलेल्या असतात. अशा वेळी पोर हसायचं. कधी माझ्याकडे बघून नाही, सासूबाईंकडेही नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे, चौकटीत, जमिनीपासून हातभर उंचीवर त्याची नजर लागायची आणि ते खुदकन हसायचं. मूल मोठ्या माणसाकडे बघतं तेव्हा वर बघतं. हे समोर बघायचं.

झोळी हलायची. मालगाडी गेली की सगळं घर हलतं, त्यातलं काही नाही हे मला ठाऊक होतं. पण गाडी नसतानाही मी आत आले की झोळी संथ हलत असायची, जशी कुणी आत्ताच दोरी सोडून गेलं आहे. तरी मी म्हणायची, वारा असेल. लूच्या दिवसांत वाऱ्यावर काय काय ढकलता येतं.

पान्ह्याचं मात्र वाऱ्यावर ढकलता येईना. पोर पोटभर पिऊन निजलेलं असायचं आणि टळटळीत दुपारी मला एकाएकी पान्हा फुटायचा. चोळी भिजायची. जिला मूल झालं आहे तिला सांगायला नको, पान्हा रडण्यानं फुटतो. घरात कुणी रडत नव्हतं. मी कान देऊन ऐकायची, एकदा मागच्या निंबाखालीसुद्धा जाऊन आले. काही नव्हतं. तरी माझं अंग कुणाची तरी हाक ऐकत होतं, आणि मला मात्र ती ऐकू येत नव्हती.

एकदा मी पुढच्या खोलीत पोराला मांडीवर घेऊन बसले होते आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. हळू, तान्ह्याशी बोलावं तसा. "गप. गप हं. आता नीज." मी उठून चौकटीत गेले. चूल गार होती. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि एका हातानं शेजारची जमीन थोपटत होत्या.

"काय करताय आई?"

हात थांबला. "मुंग्या मारते आहे," त्या म्हणाल्या.

मी जमिनीकडे पाहिलं. शेणानं सारवलेली, स्वच्छ, एक मुंगी नाही. मी गप्प बसले, असं आयुष्यात फार थोड्या वेळा झालं आहे.

पाटलीणबाईच्या नजरेतूनही ते सुटलं नाही. केळीचा घड उतरवता उतरवता ती थांबली. "तुह्यं पोरगं हासते कोनाकडे वं? मी त इकडे हाये."

"लहान मुलं हसतातच," मी म्हणाले.

ती बराच वेळ चौकटीकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, याले मले इकून टाक. सुपभर जवारी देते मी. पोरगं माह्यं म्हनायचं अन् वाढवायचं तुहीच. मंग ज्याले न्यायचं हाये तो तुह्या घरी येईन, त्याले काही सापडनार नही." तिच्या बहिणीची पोरं जगत नव्हती, तिनं असंच केलं होतं म्हणे, आणि तो मुलगा आता नांगर धरत होता.

आतून सासूबाई कडाडल्या, "आमच्यात पोरं विकत नाहीत. सोडवून आणतात."

पाटलीणबाई हसली. "मंग आना की सोडवून. वाट कोनाची पाह्यता?"

त्याच आठवड्यात मुंबईच्या आमच्या मशिदीतून निरोप आला. मशीद म्हणजे प्रार्थनेचं घर, आम्ही आमच्या घराला तेच नाव दिलेलं. येरुशलेमहून आलेला एक कोहेन कलकत्त्याला निघाला होता आणि वाटेत बोदवडला उतरायला तयार होता. सासूबाईंनी त्या दिवशी सगळं घर सारवलं. चौकट धुतली, दोनदा.

तो सकाळच्या पॅसेंजरनं उतरला. लहान चणीचा, धुळीनं करडा झालेला लांब कोट, हाताची बोटं फार लांब. मुंबईत शिकलेली हिंदुस्तानी बोलायचा. सासूबाईंनी पहाटे उठून तांदळाची सांदणं केली होती, त्यांना त्यानं हात लावला नाही. आमची भांडी त्याच्या शास्त्रात बसतात की नाही याची त्याला खात्री नव्हती. केळी मात्र खाल्ली, सोलून, एकामागून एक. सासूबाईंना ते लागलं. त्यांनी समोर बसून सरळ विचारलं, "तुम्ही कोहेन कशावरून?"

हे लाजून खिडकीकडे बघायला लागले. मला मजा वाटली. बाई हजार वर्षांच्या घराण्याची झडती घेत होत्या.

कोहेनाला राग आला नाही. "मेरे बाप ने बोला," तो म्हणाला. "उसको उसके बाप ने बोला."

"एवढंच?"

"इतना ही."

"आणि मधल्या एखाद्यानं खोटं सांगितलं असेल तर?"

त्यानं सालं एकावर एक नीट ठेवली. "तो मैं कोई नहीं. फिर मैंने जितने बच्चे छुड़ाए, एक भी छूटा नहीं."

सासूबाई उठून आत गेल्या आणि परात घेऊन आल्या. परातीत पांढरी चादर अंथरून पोराला निजवलं, भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखं. ह्यांच्या हातात तबक, तबकात चांदीचे रुपये. कोहेन उभा राहिला, डोक्यावरून पांढरं वस्त्र घेतलं, आणि एकदम तो मघाचा केळी खाणारा माणूस राहिला नाही. खोलीत गार वाटलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

आधी त्यानं मला विचारलं, "तेरा बाप कोहेन? लेवी?" तसं असतं तर मुलाला सोडवायची गरज नसते.

"माझा बाप पोस्टात," मी म्हणाले.

तो हसला नाही. "ये तेरा पहला?"

"हो, पहिला," सासूबाई म्हणाल्या.

"माँ बोलेगी."

मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला. आमच्या शास्त्रात हा प्रश्न असतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कसं असणार? आमच्या घरात कधी कुणाची सोडवणूक झालीच नव्हती. "इसके पहले कुछ गिरा था?"

ह्यांच्या हातातलं तबक वाजलं. मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. म्हणाले, "हो. जळगावला. पाच महिन्यांचं."

"तूने देखा?"

"नाही. मला दाखवलं नाही."

"किसने देखा?"

हे आणि मी, दोघंही आता सासूबाईंकडे बघायला लागलो. कोहेन त्यांच्याकडे वळला. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "हाथ-पाँव बना था? या ख़ाली पानी?"

मग त्यानंच समजावून सांगितलं. शास्त्रात पहिल्या चाळीस दिवसांतलं जे असतं त्याला पाणीच म्हणतात, ते गेलं तर पुढचा मुलगा पहिलाच धरतात. पण अवयव आलेले असतील तर पोटाचं दार उघडणारा तोच, आणि मागून येणाऱ्याला सोडवायचं कारण नाही. सोडवलं तर देवाचं नाव फुकट घेतलं जातं. सासूबाईंना यातलं काही आधी माहीत नव्हतं. 'पाणी' हा शब्द जळगावला त्यांनी स्वतःच्या मनानं उचलला होता. आता परक्या देशातून आलेल्या माणसानं तोच शब्द त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा 'पाणी' एवढंच म्हणायचं होतं. तसं म्हटलं की सोडवणूक झाली असती, ज्याच्यासाठी त्या महिनोन् महिने झोपल्या नव्हत्या ते पदरात पडलं असतं. नाही म्हटलं की, त्यांच्या समजुतीनं, परातीतलं पोर उसनंच राहणार होतं.

पोर परातीतून चौकटीकडे बघून हसलं. सासूबाईंनी मान वळवून तिकडे पाहिलं. त्या उघडपणे तिकडे बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पाणी नव्हतं," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या, भिंतीला टेकून. "बोटं होती. मुठी वळलेल्या. पापण्या मिटलेल्या. मुलगा होता." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला दाखवला असता तर तू त्याच्या मागोमाग गेली असतीस. तुझा रंगच तसा झाला होता. म्हणून म्हटलं, काही नव्हतं."

मला त्यांचा गळा धरावासा वाटायला हवा होता. इतके दिवस मी त्याचीच तयारी केली होती. पण मुठी वळलेल्या होत्या हे ऐकलं आणि माझ्या मनात, देवाशपथ, आधी आनंद झाला. मला मुलगा झाला होता. त्याला बोटं होती. ते माझं पोट वायूनं फुगलेलं नव्हतं. मग रडू आलं, तेही इतकं की पोर दचकून रडायला लागलं, आणि मी त्याला परातीतून उचलून घेतलं.

कोहेनानं डोक्यावरचं वस्त्र उतरवून घडी केली. तबक ह्यांच्या छातीकडे हळूच सारलं. "ये लड़का छुड़ाने का नहीं. दरवाज़ा पहलेवाले ने खोला."

"म्हणजे हा कधीच सुटणार नाही?" सासूबाईंनी विचारलं. घाबरल्या होत्या.

"ये बँधा ही नहीं था."

मग त्यांनी जे विचारलं, ते त्या इतके दिवस चुलीपुढे बसून स्वतःला विचारत असाव्यात. "आणि तो? तो पहिला? त्याला सोडवायला हवं होतं का? आम्ही सोडवला नाही म्हणून तो..."

कोहेनानं मान हलवली. "जो महीना भर नहीं जिया, उस पर ख़ुदा का हक़ लगता नहीं. उसको किसी ने माँगा नहीं, माई. वो तुम लोगों का ही है."

"आमचाच?"

"तुम लोगों का."

दुपारच्या गाडीनं तो गेला. केळी बरोबर दिली. हे त्याला पोचवून तसेच ड्यूटीवर गेले. घरात आम्ही दोघी आणि पोर. मी विचारलं, कुठे? सासूबाई म्हणाल्या, मेहरूणला, तळ्याच्या काठी, एका बोरीखाली. हातानं माती उकरली, मग तळ्यात हात धुतले. मेहरूणची बोरं सगळ्या जळगावात नावाजलेली. मला तेव्हा आठवलं, गेल्या हिवाळ्यात कुणी बोरं आणून दिली तेव्हा बाईंनी टोपली दारातूनच परत लावली होती, आणि मी मनात म्हटलं होतं, काय हा तऱ्हेवाईकपणा. त्या दुपारीही मला पान्हा फुटला. पोर झोपलं होतं. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत जाऊन बसले आणि चोळी सोडून वाहू दिलं. भीती वाटली नाही असं नाही. पण माझंच होतं ना जे काही तिथे होतं ते. सासूबाईंनी पाहिलं आणि त्या कणीक मळत राहिल्या.

संध्याकाळी हे परत आले. बूट वाजवत यायची त्यांची सवय. सासूबाई झोळीची दोरी धरून बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "धाकटा निजलाय."

हे दारातच थांबले. टोपी काढली, पण खुंटीला लावायची राहिली. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उंबऱ्यावरच बसले, आणि जळगावला जे रडायचं राहिलं होतं ते रडले.